आईचं सोवळं, बाबांची मोजणी आणि ओसीडीवरचे उपचार

काठावरची

आमच्या घरात बेसिनचा नळ बाबा सोडायचे आणि बाबाच बंद करायचे. हात धुतल्यावर आईनं नळाला हात लावला तर हात पुन्हा बाटले, म्हणून. ती साबण चोळायची, बाबा शेजारी उभे राहून मोजायचे. सातला नळ बंद. मधेच बेल वाजली, कुणी हाक मारली, बाबांचा आकडा हुकला की पुन्हा एकपासून. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर इंजिनं खोलली आणि रिटायर झाल्यावर ही ड्यूटी. कधी चिडले नाहीत. आता कळतं, चिडले नाहीत तिथेच घोटाळा होता.

आम्ही सांगलीचे. आईचं सोवळं लग्न होऊन आली तेव्हापासूनच कडक, असं आत्या सांगते. पण तेव्हा त्याचं कौतुकच व्हायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली. आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांवर गेली होती, आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी. पूर उतरल्यावर अख्ख्या गल्लीनं घरं धुतली. गल्लीचं धुणं पंधरा दिवसांत आटोपलं, आईचं आटोपेचना. मग मार्च 2020 उजाडला आणि ती जे करत होती तेच टीव्हीवरून साऱ्या देशाला करायला सांगू लागले. पुढची दोन वर्षं तिला आजारी म्हणायची सोयच उरली नाही.

तोवर परिस्थिती अशी: दुधाची पिशवी तीनदा धुवायची, नाणी वाटीत भिजत, नोटा दोरीवर वाळत, गॅसचा सिलिंडर दारातच आंघोळ घालून मग आत. दादा ऑफिसातून आला की गॅलरीत कपडे उतरवणार. आईची आंघोळ अडीच तास. आठवड्याला सहा साबण. बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायचं, त्याला मलम लावलं की मलमाचा हात धुवायचा.

उपचारांसाठी कुठे कुठे गेलो ते सांगते, कारण बहुतेकांचा प्रवास याच वळणांनी होतो असं आता दिसतंय.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, वयोमानानं टेन्शन येतं. क्लोनाझेपाम दिलं. आई छान झोपायची, उठायची आणि धुवायला लागायची. वर्ष गेलं. चुलतकाकांनी एका देवर्षीकडे नेलं. त्यानं कपाळाला अंगारा लावला. अंगारा कुठल्या राखेचा कोण जाणे, म्हणून घरी येऊन चार तास आंघोळ. (बाबा आजही हे सांगताना हसतात. तेव्हा मात्र बादल्या भरून भरून त्यांचा खांदा धरला होता.)

मग मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी दहा मिनिटांत 'ओसीडी' असं नाव दिलं, म्हणजे नको तो विचार पुन्हा पुन्हा येणं आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करणं. त्याचं श्रेय त्यांना आहेच. एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम लिहून दिलं. त्यानंतर दर महिन्याला पाच मिनिटं. कसं आहे? थोडं बरं. चालू ठेवा. असं दोन वर्षं. डोस वाढला नाही, दुसरं काही करता येतं हेही कुणी बोललं नाही. मीच मग शोधून एका समुपदेशकांकडे नेलं. त्यांनी दीर्घश्वसन शिकवलं आणि मनगटात रबरबँड घातला. वाईट विचार आला की ओढून सोडायचा. आई रबरबँड धुवायला लागली.

शेवटी पुण्याला एका क्लिनिकमध्ये पोचलो. तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोघं मिळून बघत होते. पहिल्याच दिवशी दहा प्रश्न विचारले, दिवसातला किती वेळ जातो, किती त्रास होतो, किती अडवता येतं वगैरे. चाळीसपैकी गुण, जितके जास्त तितका आजार जास्त. येल-ब्राउन मोजपट्टी म्हणतात तिला. आईला 31 पडले. मराठीत आपण परीक्षेला 'पडले' म्हणतो तेच क्रियापद इथेही लागू व्हावं, गंमतच.

गोळी बदलली. सर्ट्रालिन 50 पासून पायरीपायरीनं 200 पर्यंत. आणि साफ सांगितलं की पहिले दोन आठवडे मळमळेल, पोट बिघडेल, आणि पुरत्या डोसवर दहा-बारा आठवडे झाल्याशिवाय निकाल विचारायचा नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मधल्या काळात आम्ही दोनदा गोळी बंद केली नसती.

पण खरं काम दुसऱ्या खोलीत होतं. सायकॉलॉजिस्ट बाईंनी आईकडून एक यादी करून घेतली, कशाला हात लावला तर घालमेल किती, शंभरपैकी. त्या तिला उतरंड म्हणायच्या. एकूण चौदा मडकी. सगळ्यात वरचं, म्हणजे पहिलं आणि हलकं, दाराची कडी. तळाला, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मळलेल्या कणकेची पोळी.

पहिल्या दिवशी आईनं क्लिनिकच्या दाराच्या कडीला करंगळी लावली. एकच बोट. आणि धुवायचं नाही.

"किती?"

"ऐंशी."

बाई काही समजावत बसल्या नाहीत. काही होणार नाही, कडी स्वच्छ आहे, यातलं एक अक्षर नाही. दर दहा मिनिटांनी फक्त आकडा विचारायच्या. ऐंशी. पंच्याऐंशी. सत्तर. पन्नास मिनिटांनी चाळीस. परतताना गाडीत आईनं तो हात अंगापासून लांब धरला होता, जसं काही ते बोट दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिलंय. कराडच्या पुढे तिनं त्याच बोटानं चष्मा वर सरकवला. मला दिसलं. मी बोलले नाही.

याला ईआरपी म्हणतात. ज्याची भीती त्याला सामोरं जायचं आणि मग सवयीची कृती करायची नाही. घालमेल आपोआप उतरते, किंवा नाही उतरली तरी ती सोसता येते, हे अंगाला कळावं लागतं. समजावून कळत नाही.

आज दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात 14 गुण. आंघोळ पंचवीस मिनिटं. बाबांचं सांगायचं राहिलंच, पण फार लांबलं. कुणाला उपयोग होणार असेल तर विचारा, जमेल तसं लिहीन.

घाटमाथा

वाचनखूण साठवली. माझ्या मोठ्या बहिणीचं नव्वद टक्के हेच आहे, फक्त तिचं कुलपांवर अडलंय. बाबांचं लिहाच.

उंडगा_वारा

लेख चांगला आहे, पण एक खटकलं. आमच्या आजीनं नव्वदीपर्यंत सोवळं पाळलं. धाबळी नेसून स्वयंपाक करायची, आम्हा पोरांना शिवू द्यायची नाही. ती काय मनोरुग्ण होती? हल्ली आपल्या प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव देऊन गोळ्या चालू करतात.

काठावरची

@उंडगा_वारा, तुमच्या आजीचं सोवळं किती वाजता सुटायचं?

माझीही आजी पाळायची. बाराला नैवेद्य झाला की सोवळं सुटलं, मग ती ओट्यावर बसून शेजारणीशी गप्पा मारत शेंगा फोडायची. आईचं सुटत नव्हतं. आणि तिला त्यात देव कुठेच भेटत नव्हता, हे तिचे स्वतःचे शब्द आहेत. देवघरात जायला लागणारी शुद्धता कधी पुरीच पडेना म्हणून शेवटची तीन वर्षं पूजा बाबाच करत होते. ज्या सोवळ्यानं पूजाच बंद पडते ते सोवळं कसलं?

आमच्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी धर्मावर बोट ठेवलं नाही. त्यांनी आमच्या गुरुजींनाच बोलवायला सांगितलं. गुरुजींनी आईला विचारलं, "वहिनी, पूजेच्या शेवटी मी काय म्हणतो?" 'यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं च यद्भवेत्', म्हणजे अक्षर चुकलं असेल, मात्रा राहिली असेल, ते सगळं देवा क्षमा कर. "चूक होणार हे धरूनच शास्त्र लिहिलंय. एकदा आंघोळ, एकदा पूजा, विषय संपला." आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून ती तो श्लोक एकवीस वेळा म्हणायला लागली. चुकला तर पुन्हा एकपासून. हा आजार असा आहे.

चिंचगूळ

जुन्या लोकांनी 'मंत्रचळ' हा शब्द उगाच नाही केला. मंत्र म्हणताना चुकला की माणूस चळतो, अशी समजूत.

अवांतर: मावशींच्या हातची पोळी यादीत सगळ्यात तळाला होती हे वाचून थांबले. तो ओसीडी की जात? वाईट वाटून घेऊ नका, पण विचारावंसं वाटलं.

काठावरची

@चिंचगूळ, बोचला प्रश्न, पण रास्त आहे. दोन्ही. आजार हवेतून विषय घेत नाही, घरात जे आधीपासून पडलेलं असतं तेच उचलतो. आमच्या घरात 'कुणाच्या हातचं चालतं' हे आधीपासून होतं. आजार नसता तर आईनं ते कधी उतरंडीवर मांडलंच नसतं, 'आमची पद्धत' म्हणून खपून गेलं असतं. मावशींना याबद्दल काय वाटत होतं ते मी अजून नीट विचारलेलं नाही. विचारायला हवं.

खडीसाखर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, विदर्भात. धागाकर्तीनं लिहिलेल्या दुसऱ्या डॉक्टरांच्या जागी मी स्वतः अनेकदा बसलेलो आहे, तेव्हा थोडं कबुलीजबाब समजून वाचा.

ओपीडीत सकाळी साठ पेशंट असतात. ईआरपीला एका पेशंटमागे आठवड्याला तास-दीड तास, असे पंधरा-वीस आठवडे लागतात. जिल्ह्याच्या गावी ते करणारा प्रशिक्षित माणूसच नसतो. मग आपण गोळी देतो आणि उरलेलं बोलतच नाही. बोललं तर 'कुठे मिळेल?' विचारतील आणि आपल्याकडे उत्तर नसतं. पण न बोलण्यानं पेशंटची वर्षं जातात, हे खरं.

गोळ्यांबद्दल. ओसीडीला उदासपणापेक्षा जास्त डोस लागतो आणि जास्त दिवस लागतात. फ्लुओक्सेटिन 60-80 मिलिग्रॅमपर्यंत, सर्ट्रालिन 200, फ्लुवोक्सामिन 300 पर्यंत न्यावं लागतं. 10 मिलिग्रॅम एस्सिटालोप्रामवर दोन वर्षं काढून 'औषध लागू पडत नाही' म्हणणं म्हणजे मंद आचेवर कुकर ठेवून शिट्टी होत नाही म्हणणं. अर्थात डोस डॉक्टरनंच वाढवायचा, हे वाचून घरी कुणी प्रयोग करू नये. दोन औषधं पुरत्या डोसनं पुरते दिवस देऊनही फरक नसेल तर क्लोमिप्रामिन आहे. जुनं, खणखणीत औषध. अमेरिकेत ओसीडीसाठी मान्यता मिळालेलं पहिलं, 1989 मध्ये. पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, गुंगी हे त्याचे त्रास आहेत, आणि सुरू करण्याआधी ईसीजी काढावा. कधी जोडीला रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल थोड्या डोसात देतात. ही मुळात दुसऱ्या, जड मनोविकारांवरची औषधं, पण ते बघून 'मला वेड लागलंय म्हणून ही गोळी' असा अर्थ काढू नये.

क्लोनाझेपाम हा ओसीडीवरचा उपचार नाही. झोपेपुरतं, थोडे दिवस.

साठीच्या पुढच्या पेशंटला या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, त्यातून बीपीसाठी लघवी होणारी गोळी चालू असेल तर जास्तच. म्हातारं माणूस अचानक गळून गेलं, बरळायला लागलं तर 'आजार वाढला' म्हणू नका, सोडियम तपासा.

गोळी की ईआरपी, या वादावर 2005 मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला, एडना फोआ आणि सहकाऱ्यांचा. नुसत्या ईआरपीनं 62 टक्के लोकांना फरक पडला, नुसत्या क्लोमिप्रामिननं 42, दोन्ही मिळून 70, आणि खोट्या गोळीनं 8. म्हणजे गोळी निरुपयोगी नाही. पण नुसत्या गोळीवर थांबणं म्हणजे अर्ध्या वाटेत उतरणं. आजार जड असेल तर गोळीशिवाय माणूस ईआरपीच्या खुर्चीवर बसूच शकत नाही, हेही तितकंच खरं.

काठावरची

@खडीसाखर, मनापासून आभार. आईला बीपीची गोळी आहेच. सोडियम पुण्यात तपासलं होतं, तेव्हा कशासाठी ते कळलं नव्हतं.

ताम्हण_

माझा आयडी नवीन आहे, कारण जुन्या आयडीनं हे लिहायची हिंमत नाही.

मी धुवत नाही, कुलूप बघत नाही. माझी मुलगी सात महिन्यांची आहे. तिला घेऊन बाल्कनीत गेलो की डोक्यात येतं, आपण हिला खाली टाकलं तर? येतं म्हणजे दिसतं. मी बाल्कनीला कुलूप लावलंय. सुऱ्या माळ्यावर टाकल्यात. बायकोला वाटतं मी लेकीकडे बघत नाही. खडीसाखर सर, मी असं काही करणार नाही ना? एवढंच सांगा.

खडीसाखर

@ताम्हण_, हा प्रश्न तुम्ही आजवर स्वतःला किती वेळा विचारलात? आणि दर वेळी मिळालेलं उत्तर किती वेळ टिकलं?

म्हणून ती हमी मी तुम्हाला देणार नाही. मी 'नाही करणार' म्हटलं तर दहा मिनिटं बरं वाटेल आणि अकराव्या मिनिटाला तुम्ही म्हणाल, पण सरांनी मला प्रत्यक्ष कुठे पाहिलंय? एकदाच, नीट, माहिती म्हणून सांगतो. 1978 मध्ये रॅकमन आणि डिसिल्वा या दोघांनी ओसीडी नसलेल्या साध्या लोकांना विचारलं होतं की तुमच्या डोक्यात नको ते विचार येतात का. बहुतेकांना येत होते, आणि विषयही तेच: कुणाला ढकलावं, इजा करावी, भलतंच बोलावं. फरक एवढाच की बाकीचे लोक 'काय वेड्यासारखं' म्हणून पुढे जातात आणि ओसीडीचा माणूस त्या विचाराला पुरावा समजून बसतो. तुम्हाला त्या विचाराची भीती वाटते, किळस वाटते. इच्छा आणि धास्ती यांत हाच फरक असतो.

तुमची धुण्याची कृती म्हणजे बाल्कनीचं कुलूप, माळ्यावरच्या सुऱ्या आणि हा प्रश्न. उपचार तेच आहेत, वर लिहिलेले. बायकोला आज सांगा. आणि या आठवड्यात प्रत्यक्ष भेटून कुणाला तरी दाखवा. रात्री फारच अंगावर आलं तर 14416 लावा, टेलीमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

ताम्हण_

बायकोला हा धागाच वाचायला दिला. ती रडली नाही. म्हणाली, माळ्यावर सुऱ्या म्हणून मी महिनाभर भाजी दातांनी चिरतेय का?

चिंचगूळ

@ताम्हण_, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

जुनं_जाजम

सगळं इंग्रजी औषधांवरच चाललंय. माझ्या ओळखीत एकाचा ओसीडी रोज सकाळी अनुलोम-विलोम आणि ब्राह्मीच्या गोळ्यांनी पूर्ण गेला. करून बघायला काय हरकत?

घाटमाथा

@जुनं_जाजम, बहिणीला आम्ही दोन वर्षं प्राणायाम करायला लावला. शेवटी कुलूप बघून आल्यावर बारा आवर्तनं झालीच पाहिजेत असा नियम तिनंच करून टाकला. आता कुलूपही आहे आणि प्राणायामही.

निंबोणी

मुलगा बारावीला आहे. धड्यातली एक ओळ वाचली की 'नीट कळली ना' म्हणून पुन्हा तीच ओळ. वहीत अक्षर जरा वेडंवाकडं आलं की पान फाडायचं. एका निबंधाला पाच तास. आणि मला विचारतो, "आई, बरोबर आहे ना? नक्की ना?" दिवसातून पन्नास-साठ वेळा. मी हो म्हणते, नाहीतर तो डोकं आपटतो. क्लासवाले म्हणतात, परफेक्शनिस्ट आहे, टॉपर होईल. काठावरची, बाबांचं सांगायचं राहिलं म्हणालात. मला वाटतं मला तेच ऐकायचंय.

काठावरची

@निंबोणी, हो, तुम्हीच आता आमच्या घरच्या बाबा आहात.

पुण्यात तिसऱ्या वेळी बाईंनी आईला बाहेर बसवलं आणि बाबांना आत बोलावलं. म्हणाल्या, काका, घरात हा आजार दोघं मिळून चालवतायत. एक हात धुतं, एक नळ धरतं. बाबांना ते फार लागलं. बाहेर येऊन म्हणाले, "मी काय तिचं वाईट चिंतलं होतं का?" परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत बोलले नाहीत.

पण एकदम नळ सोडून द्या असं नव्हतं सांगितलं. हे महत्त्वाचं आहे, कारण दादानं आधी एकदा तसं केलं होतं. 'आजपासून तुझे लाड बंद' म्हणून मोटरच बंद केली. आई रात्री अडीचला सोसायटीच्या टाकीवर गेली होती. त्याला उपचार म्हणत नाहीत. ईआरपीत कुठलीही गोष्ट तिच्याशी ठरवून, तिनं हो म्हटल्यावरच.

तर ठरलं असं. पहिला आठवडा बाबा मोजणार, पण पाचपर्यंतच. पुढचा आठवडा मनात मोजणार. मग मोजायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मग दाराशी. मग हॉलमध्ये. आई विचारायची, "झाले का हो?" त्यावर बाबांनी म्हणायचं वाक्यही आईनंच निवडलं होतं: "हे तू नाही विचारत आहेस." त्यापलीकडे एक शब्द नाही. रागावून नाही, थंडपणेही नाही.

बाबांना ते वाक्य म्हणता यायचं नाही. पहिल्या दिवशी ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि आतून आई हाका मारतेय, "अहो, पाच झाले का? सांगा ना." मनात मोजायच्या आठवड्यात ओठ हलायचे. आई आरशातून त्यांचे ओठ बघून मोजायची. मीच पकडलं. दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसले. त्या घरात किती तरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

पाचव्या आठवड्यात एकदा आईनं स्वतः नळ बंद केला. ओल्या हातानं. आणि तशीच उभी राहिली, हात समोर धरून, शस्त्रक्रियेला जाणारे डॉक्टर धरतात तसे. बाबा हॉलमध्ये पेपर उलटा धरून बसले होते.

तुमच्या मुलाबद्दल: हो म्हणणं तुम्ही एकट्यानं, अचानक बंद करू नका. आधी तज्ज्ञांकडे न्या, आणि त्याच्या समोर, त्याच्याशी ठरवून कमी करत न्या. डोकं आपटतो म्हणालात, तेव्हा थांबू नका.

खडीसाखर

@निंबोणी, वर लिहिलंय त्याला दुजोरा. किशोरवयात लवकर उपचार झाले तर चांगला फरक पडतो. बारावी झाल्यावर बघू असं करू नका. तोवर बारावीच व्हायची नाही.

सातासमुद्रा

न्यू जर्सीहून. इथे सगळं मिळतं असं वाटतं ना? मलाही वाटायचं. इन्शुरन्सच्या यादीतल्या दोन थेरपिस्टकडे आठ महिने गेले. दोघी गोड होत्या, लहानपणाबद्दल विचारायच्या, मी रडायचे, घरी येऊन धुवायचे. ईआरपीचं नावही नाही. शेवटी बॉस्टनच्या इंटरनॅशनल ओसीडी फाउंडेशनच्या यादीतून एक सापडली. तिच्याकडे पहिल्याच दिवशी होमवर्क मिळाला, तेव्हा कळलं की हे वेगळं प्रकरण आहे.

तरी एक अडचण उरलीच. तिला 'विटाळ' कसा समजावायचा? ती म्हणायची, जंतूंची भीती ना? जंतूंची नाहीच हो. जंतू मरतात, विटाळ मरत नाही. शेवटी भारतातल्या एका मराठी सायकॉलॉजिस्टबरोबर व्हिडिओवर केलं. तिला 'शिवलं' एवढं एक क्रियापद पुरलं.

घाटमाथा

मुद्द्याचं कुणीतरी लिहा. महाराष्ट्रात नक्की कुठे जायचं आणि समोरच्याला ईआरपी येतं हे ओळखायचं कसं? आणि खर्च?

काठावरची

पुण्याचं क्लिनिक खासगी आहे, नाव इथे जाहीर लिहीत नाही. सेशनचे 1500 घेत होते, पहिले आठ प्रत्यक्ष, नंतरचे व्हिडिओवर. सांगली-पुणे भाडं वेगळं. गोळ्यांचा खर्च मानानं कमी, जनऔषधी दुकानात तर फारच कमी.

ओळखायचं कसं, तर मी आता फोनवरच तीन गोष्टी विचारते. ओसीडीचे किती पेशंट बघता? ईआरपी करता का, की बोलून समजावता? घरच्यांना आत घेता का? ज्यांना येतं ते लगेच, सविस्तर सांगतात. 'आम्ही सगळ्या थेरपी मिसळून करतो' असं उत्तर आलं तर मी पुढचा नंबर लावते. माझं मत आहे, चुकीचं असू शकेल.

खडीसाखर

भर घालतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदलेला हवा, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या मनोविकार विभागात केसपेपरच्या पैशात बघतात, गर्दी असते, पण तिथेही करणारे आहेत. ठाण्यात आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे, 1990 पासून काम चालू आहे. गोव्याच्या मंडळींना बांबोळीचं मनोविकार रुग्णालय. बंगळूरच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मनोविकारांच्या केंद्र सरकारी संस्थेत, खास ओसीडीचं क्लिनिक आहे. जिथे दोन-तीन औषधं आणि ईआरपी होऊनही अडलंय त्यांनी तिथे जावं, कोल्हापूर-सांगलीकरांना ते तसं लांबही नाही. विम्याचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं बंधन घातलंय, पण बऱ्याच पॉलिसी ओपीडीचा खर्चच देत नाहीत, तिथे घोडं अडतं.

आणि ईआरपी ही काही नवी टूम नाही. 1966 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी ते दोन रुग्णांवर केलं. तोवर ओसीडी जवळपास असाध्य समजत. वॉर्डातल्या नर्स रुग्णाला धुण्यापासून रोखायच्या. तुमचे बाबा नळापाशी उभे होतेच, फक्त उलट्या बाजूनं.

उंडगा_वारा

वर मी चिडून लिहिलं होतं. काल काकूला फोन केला. आजीबद्दल विचारलं. ती म्हणाली, शेवटची वर्षं आजी रात्री उठून माठ पुन्हा पुन्हा भरायची, तुम्ही पोरं झोपलेली असायचात. मला माहीत नव्हतं. बस, एवढंच.

निंबोणी

मुलाला दाखवलं. फ्लुओक्सेटिन सुरू केलंय, ईआरपी पुढच्या मंगळवारपासून. डॉक्टरांनी त्यालाच समजावून सांगितलं, मला नाही. बाहेर येऊन म्हणाला, आई, याला नाव आहे. मी फक्त ढ नाहीये.

ताम्हण_

माझे पाच सेशन झाले. सुऱ्या खाली आल्या. बाल्कनीचं कुलूप काढायचं अजून जमलेलं नाही.

काठावरची

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय, कारण चार जणांनी माझ्या विपुत (विचारपुशीत) आईची चौकशी केली.

मध्यंतरी घसरलं होतं. गौरी-गणपतीच्या आधी पंधरा दिवस पुन्हा दीड तास आंघोळ, पुन्हा "अहो, झाले का?" आम्ही घाबरलो, वाटलं सगळं पाण्यात गेलं. बाईंना फोन केला तर त्या अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, सणाला येणारच होता, उतरंड काढा, पहिल्या मडक्यापासून सुरू करा. या खेपेला दीड वर्षाऐवजी तीन आठवडे लागले. गोळी 200 वरच आहे, निदान अजून वर्षभर.

मावशींशी मी बोलले. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं ताई, तुमच्या आईंना बरं नाही. पण तुम्हाला तर बरं होतं ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. @चिंचगूळ, तुम्हाला कळवायचं होतं.

परवा मावशींनी आमच्या ओट्यावर कणीक मळली. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मळता मळता मावशींचा फोन वाजला, तो त्यांनी त्याच हातानं उचलला, कानाला लावला, ठेवला आणि पुन्हा कणकेत हात घातला. हे काही ठरलेलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

ताटात पोळी वाढल्यावर मी विचारलं, किती?

"पंच्याहत्तर," आई म्हणाली. "आणि आता गप्प बस, तूप वाढ."

सिलिंडर अजून दारात धुतला जातो. तो उतरंडीत नववा आहे.